डेटाबेस करप्ट झाला तर काय करावं: आधी प्रत, मग दुरुस्ती

डिस्क खराब झाली म्हणून डेटाबेस लगेच बंद पडतो असं नाही. बहुतेक वेळा तो चालूच असतो. एखादा रिपोर्ट रोज एकाच जागी अडकतो, रात्रीचा बॅकअप अर्ध्यात तुटतो, एक ठरावीक नोंद उघडली की ॲप्लिकेशन कोसळतं आणि बाकी सगळं सुरळीत असतं. मग कोणीतरी लॉग, म्हणजे सर्व्हरच्या एररची नोंदवही, उघडतं. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड पेज इन ब्लॉक’ अशी ओळ दिसते, एसक्यूएलाइट ‘डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ म्हणतं, एसक्यूएल सर्व्हर ८२३ किंवा ८२४ क्रमांकाची एरर देतो. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन (डेटा साठवणारा भाग) खराब पानावर (डेटाबेस फाइलचे जे ठरावीक आकाराचे तुकडे करतो, त्यातल्या एकावर) आलं की बऱ्याचदा स्वतःच कोसळतं, सर्व्हर पुन्हा उठतो, पुन्हा त्याच पानावर जाऊन आपटतो.

अशा वेळी नवखा माणूस आधी सर्व्हर रीस्टार्ट करतो, मग फाइल सिस्टिम दुरुस्तीची कमांड चालवतो, मग नेटवर सापडलेला पहिला रिपेअरचा उपाय. या तिन्ही गोष्टी मूळ डिस्कवर काही ना काही लिहितात, आणि जे लिहिलं गेलं ते मागे घेता येत नाही. माझं मत असं की पहिल्या तासात हात आवरणं हे पुढे वापरायच्या कुठल्याही टूलपेक्षा जास्त कामाचं आहे. म्हणून खालचा क्रम बदलू नका, कितीही घाई असली तरी.

१. लिहिणं थांबवा

ॲप्लिकेशन बंद करा किंवा देखभालीचं पान लावा. मग डेटाबेस नेहमीच्या पद्धतीने बंद करा. तो बंद व्हायलाच तयार नसेल तर दहा वेळा चालू-बंद करत बसू नका. सिस्टिमडी किंवा कंटेनर सांभाळणारी यंत्रणा पडलेली सेवा आपोआप उठवते, ते आधी बंद करा. नाहीतर तुम्ही विचार करत असताना मागे सर्व्हर त्याच खराब फाइलवर पुन्हा पुन्हा रिकव्हरीचा प्रयत्न करत राहील.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: क्रॉनमधलं (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या व्यवस्थेतलं) बॅकअपचं काम. बहुतेक स्क्रिप्ट नवा बॅकअप घेतात आणि सर्वांत जुना पुसतात. करप्शन लक्षात यायला आठवडा गेला असेल आणि बॅकअप सातच दिवसांचे ठेवत असाल, तर आज रात्री ती स्क्रिप्ट तुमचा शेवटचा चांगला बॅकअप पुसून टाकेल. तेव्हा बॅकअपचं आणि जुने बॅकअप पुसण्याचं, दोन्ही कामं आत्ताच थांबवा. असलेले सगळे बॅकअप दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

२. दोष नक्की कुठे आहे ते बघा

लिनक्सवर डीमेसेज या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडच्या आउटपुटमध्ये ‘आय/ओ एरर’ शोधा. मग स्मार्टसीटीएल या टूलने डिस्कने स्वतःच नोंदवलेली तिची स्थिती बघा. वरती मोठ्या अक्षरांत ‘पास्ड’ लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. मरायला टेकलेल्या डिस्कही ते दाखवतात. हार्ड डिस्कवर तीन ओळी वाचा: क्रमांक ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे सर्वांत लहान तुकडे), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर, १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न होऊ शकलेले. १९७ शून्याच्या वर असेल तर डिस्कवरचा काही भाग आत्ताच वाचता येत नाहीये. १९९ वाढत असेल तर संशय केबलवर घ्या, डिस्क कदाचित ठणठणीत असेल. एनव्हीएमई डिस्कवर ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’ ही ओळ महत्त्वाची. क्लाउडवर डिस्कची ही स्थिती सहसा दिसत नाही. तिथे सरळ व्हॉल्यूमचा (आभासी डिस्कचा) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घ्या आणि पुढे चला.

डिस्कमधून खटखट आवाज येत असेल आणि डेटा खरंच मोलाचा असेल, तर वीज बंद करा आणि डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या. अशी डिस्क फिरवत ठेवली तर तिचं नुकसान वाढतच जातं.

डिस्क निर्दोष दिसली तर रॅमकडे बघा. खराब रॅममध्ये एखादा बिट उलटला की तेच चुकीचं पान ‘बरोबर’ म्हणून डिस्कवर लिहिलं जातं. मेमटेस्ट८६+ एक रात्रभर चालवून खात्री करता येते, पण तोवर वाट बघत बसू नका: पुढचं सगळं काम दुसऱ्या मशीनवर करा. ज्या मशीनवर भरवसा नाही तिथे केलेल्या दुरुस्तीवरही भरवसा ठेवता येत नाही.

बाकी कारणं म्हणजे वीज गेली तेव्हा ‘लिहिलं’ असं खोटं सांगणारी डिस्कची कॅशे, चालू डेटाबेसच्या फाइल नुसत्या कॉपी करून घेतलेला ‘बॅकअप’, किंवा एकाच डेटा फोल्डरवर चुकून चालू झालेले दोन सर्व्हर. कधी कधी दोष सॉफ्टवेअरच्या थरांमध्येच असतो. २०१८मध्ये पोस्टग्रेसच्या मंडळींच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर पोचवायला सांगणारी हाक) एकदा अयशस्वी झालं तर दुसऱ्या वेळी ते यश कळवू शकतं आणि मधला डेटा डिस्कवर गेलेलाच नसतो. २०१९च्या फेब्रुवारीतल्या अपडेटपासून पोस्टग्रेस अशा वेळी मुद्दाम कोसळतो आणि लॉगमधून सगळं पुन्हा लिहितो (हा लॉग एररचा नव्हे, प्रत्येक बदल आधी जिथे नोंदवला जातो तो; पोस्टग्रेसमध्ये त्याला वॉल म्हणतात). म्हणजे सर्व्हरचं कोसळणं हेही कधी कधी तुमच्या भल्याचं असतं.

३. प्रत घ्या, आणि प्रतीची प्रत घ्या

डिस्क वाचता येत असेल तर डेटाबेस बंद असताना अख्खं डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. ‘अख्खं’ या शब्दावर जोर आहे. पोस्टग्रेसमध्ये पीजी_वॉल फोल्डर आणि टेबलस्पेस (टेबलं ठेवायच्या वेगळ्या जागा) बऱ्याचदा सिम्लिंकने, म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याने, दुसऱ्या डिस्कवर ठेवलेले असतात, ते सुटतात. मायएसक्यूएलमध्ये आयबीडेटा१ ही फाइल, रीडू लॉग आणि बायनरी लॉग (हे दोन्ही बदलांचे लॉग) विसरू नका. एसक्यूएलाइटमध्ये मुख्य फाइलच्या शेजारी ‘वॉल’ किंवा ‘जर्नल’ शेपटीची फाइल असेल तर ती कचरा समजून पुसू नका. शेवटचे व्यवहार तिच्यातच असू शकतात, आणि ती पुसल्याने चांगला डेटाबेसही करप्ट होऊ शकतो.

डिस्क अडखळत वाचत असेल तर साधी कॉपी चालणार नाही. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची प्रत काढणारं टूल वापरा (डेबियन आणि उबुंटूमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे). ते पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं आणि कुठे काय राहिलं याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं. मॅप फाइल न देता ते चालवू नका, कारण तिच्यामुळेच काम मध्ये थांबवून नंतर तिथूनच पुढे नेता येतं. पहिली फेरी खरवडणं (खराब जागा सेक्टर-सेक्टर करून वाचणं) टाळणाऱ्या पर्यायाने करा, सगळा सोपा भाग सुरक्षित झाला की दुसऱ्या फेरीत खराब जागांवर दोन-तीन प्रयत्न.

जुन्या सल्ल्यांमध्ये डीडी ही डिस्क कॉपी करणारी कमांड ‘नोएरर’ पर्यायासह दिलेली असते. ‘सिंक’ न जोडता ती चालवली तर न वाचलेला सेक्टर गाळला जातो आणि त्यापुढचा सगळा डेटा तेवढा मागे सरकतो. डेटाबेसच्या दृष्टीने मग एकही पान आपल्या जागी राहत नाही. एका सेक्टरचं दुखणं अख्ख्या फाइलवर जातं.

मिळालेली इमेज फक्त वाचता येईल अशी करून ठेवा, तिची आणखी एक प्रत करा आणि यापुढचं सगळं त्या दुसऱ्या प्रतीवर. मूळ डिस्क काढून, नाव-तारीख चिकटवून बाजूला. मूळ डिस्क किंवा इमेज कधी माउंट करावीच (तिच्यातल्या फाइल बघण्यासाठी जोडावीच) लागली तर एक खाचखळगा लक्षात ठेवा: ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम ‘फक्त वाचन’ म्हणून माउंट केली तरी जर्नल (अपुऱ्या बदलांची नोंद) लागू करताना डिस्कवर लिहिते. त्यासाठी ‘नोलोड’ हा पर्याय आहे, एक्सएफएसमध्ये ‘नोरिकव्हरी’. फाइल सिस्टिमची दुरुस्ती कामाच्या प्रतीवर खुशाल करा, मात्र एक्सएफएस रिपेअरचा लॉग फेकून देणारा पर्याय सगळ्यात शेवटी. दुरुस्तीनंतर ‘लॉस्ट+फाउंड’ फोल्डर उघडून बघायला विसरू नका; हरवलेली डेटा फाइल तिथे नुसत्या क्रमांकाच्या नावाने पडलेली सापडू शकते.

४. बॅकअप असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका

रिपेअर करून पाहण्यात एक थरार असतो, मान्य. पण चांगला बॅकअप आणि त्यानंतरचे लॉग हाताशी असतील तर रिस्टोअर हाच रस्ता. नवी डिस्क, नवं मशीन, बेस बॅकअप, आणि त्यावर लॉग. पोस्टग्रेसमध्ये वॉल आर्काइव्ह ठेवलेलं असेल तर रिकव्हरीची वेळ देऊन हव्या त्या क्षणापर्यंत येता येतं. मायएसक्यूएलमध्ये डंप (सगळा डेटा वाचून काढलेली फाइल) भरल्यावर, डंपमध्ये नोंदवलेल्या जागेपासून पुढचे बायनरी लॉग मायएसक्यूएलबिनलॉगने चालवायचे. एसक्यूएल सर्व्हर फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये असेल तर आधी लॉगच्या शेपटीचा, म्हणजे शेवटच्या लॉग बॅकअपनंतरच्या भागाचा, बॅकअप घ्या. मग केवळ खराब पानं तेवढी रिस्टोअर करण्याचीही सोय त्यात आहे.

रेप्लिका, म्हणजे मुख्य सर्व्हरचे बदल सतत घेत राहणारा दुसरा सर्व्हर, असेल तर नशीब. स्ट्रीमिंग रेप्लिकेशनमध्ये लॉग पाठवला जातो, डिस्कवरची पानं जशीच्या तशी नाही, त्यामुळे मुख्य सर्व्हरच्या डिस्कवर सडलेलं पान सहसा रेप्लिकावर चांगलं असतं. आधी रेप्लिकावर सगळी टेबलं वाचून, डंप घेऊन खात्री करा, मग तिला मुख्य करा.

५. बॅकअप नसेल तर: डेटा बाहेर काढणं

इथे ध्येय नीट ठरवा. मोडका डेटाबेस पुन्हा उभा करून वापरात आणायचा नाही. त्यातून जमेल तेवढा डेटा बाहेर काढून नव्या, कोऱ्या डेटाबेसमध्ये भरायचा आहे.

पहिला प्रश्न: खराब काय झालंय, टेबल की इंडेक्स? इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटची सूची; ती फाटली तरी मजकूर शाबूत असतो आणि सूची पुन्हा बनवता येते. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये फाइलचा मार्ग येतो, त्यातला शेवटचा आकडा पीजी_क्लास या सिस्टिम टेबलातल्या रेलफाइलनोडशी जुळवला की टेबलाचं किंवा इंडेक्सचं नाव कळतं. आवृत्ती १४ पासून पीजी_ॲमचेक टेबलं आणि बी-ट्री इंडेक्स दोन्ही तपासतं. नुसता इंडेक्स असेल तर रीइंडेक्स करा आणि सुटलात, अर्थात डिस्क बदलूनच. इनोडीबीत मात्र प्रायमरी की म्हणजेच टेबल; तिथे फक्त दुय्यम इंडेक्स काढून पुन्हा बनवता येतात.

टेबल खराब असेल तर आधी ते वगळून बाकी सगळ्याचा डंप घ्या. तो हातात आला की अर्धी धास्ती जाते. मग खराब टेबल तुकड्यातुकड्याने वाचा. पोस्टग्रेसमध्ये पान ८ केबीचं असतं आणि प्रत्येक ओळीला सीटीआयडी असतो, म्हणजे पान क्रमांक आणि त्या पानातली जागा. पानांच्या टप्प्यांनी कॉपी काढत जा. जो टप्पा एरर देईल तो अर्धा करा, पुन्हा अर्धा, शेवटी नेमकं पान सापडतं आणि ते सोडून बाकीचं मिळतं. ‘मिसिंग चंक’ अशी एरर आली तर ओळ वाचता येते, तिच्यातला मोठा मजकूर तेवढा गेलेला असतो. तो स्तंभ वगळून उरलेली ओळ वाचवा.

‘झीरो_डॅमेज्ड_पेजेस’ ही सेटिंग खराब पान रिकामं समजून पुढे जाते. त्या पानावरच्या सगळ्या ओळी त्यात जातात, त्यामुळे वरच्या पद्धतीने जे मिळेल ते काढून झाल्यावरच तिला हात लावा. पीजी_रीसेटवॉल हे बदलांचा लॉग टाकून देणारं टूल त्याहून जहाल. लॉग बिघडल्यामुळे सर्व्हर उठतच नसेल तेव्हा ते शेवटचा उपाय म्हणून चालतं, पण त्यानंतर डेटाबेसमध्ये अर्धवट व्यवहार असू शकतात. डंप घ्या, नवा क्लस्टर (कोरं डेटा फोल्डर) बनवा, त्यात भरा. रीसेट केलेला सर्व्हर ‘चालतोय की’ म्हणून तसाच वापरत राहणं म्हणजे पुढच्या अपघाताची तयारी.

मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी ही सेटिंग १ ते ६ पर्यंत चढते. १ पासून सुरू करा, सर्व्हर उठला आणि डंप निघाला की तिथेच थांबा. ३ पर्यंत तुलनेने सुरक्षित; ४ आणि पुढे डेटा फाइलचं कायमचं नुकसान होऊ शकतं, म्हणून ते फक्त प्रतीवर. घाईत थेट ६ लावणारे बरेच असतात. डंप मध्येच तुटत असेल तर प्रायमरी कीच्या चढत्या क्रमाने तुटेपर्यंत वाचा, मग उतरत्या क्रमाने दुसऱ्या टोकाकडून. मधला छोटा पट्टा तेवढा राहतो.

एसक्यूएलाइट यात सगळ्यात सोपं. ‘इंटेग्रिटी_चेक’ प्रॅग्माने तपासा; उत्तर ‘ओके’ नसेल तर कमांड लाइनमधल्या ‘डॉट रिकव्हर’ने निघालेलं एसक्यूएल नव्या फाइलमध्ये भरा. ही सोय २०१९ पासून आहे. ज्या ओळींचं टेबल कळलं नाही त्या ‘लॉस्ट_अँड_फाउंड’ नावाच्या टेबलात मिळतात.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये डीबीसीसी चेकडीबी या तपासणीच्या कमांडला ‘रिपेअर_अलाउ_डेटा_लॉस’ हा पर्याय आहे. नावातच डेटा जाईल असं लिहिलंय, तरी लोक तो पहिल्यांदा चालवतात. तो फॉरेन कीचा (एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोडणाऱ्या नियमाचा) विचार करत नाही, म्हणून नंतर चेककन्स्ट्रेंट्स चालवावंच लागतं.

६. मिळालेलं खरं आहे का?

नव्या डेटाबेसमध्ये डेटा विनाएरर भरला गेला म्हणजे तो पूर्ण आहे असं नाही. ओळींची संख्या जुन्या रिपोर्टशी जुळवा. फॉरेन की नव्याने लावून बघा; अनाथ ओळी लगेच उघड्या पडतात. युनिक इंडेक्स बनताना ‘डुप्लिकेट’ आलं तर इंडेक्स आधीपासूनच बिघडलेला होता असं समजा. सीक्वेन्सचे (नव्या नोंदींना क्रमांक देणाऱ्या मोजणीचे) आकडे टेबलातल्या सर्वांत मोठ्या आयडीच्या पुढे आहेत ना ते बघा, नाहीतर पहिल्याच नव्या नोंदीला एरर येईल.

जे राहिलं ते इतर ठिकाणी शोधा. ॲप्लिकेशनचे लॉग, पाठवलेले ईमेल, पेमेंट गेटवेच्या नोंदी, सर्च इंडेक्स, कॅशे, विश्लेषणासाठी काढलेली प्रत, कोणीतरी महिन्यापूर्वी डाउनलोड केलेली एक्सेल फाइल. डेव्हलपरच्या लॅपटॉपवरच्या चाचणी डेटाबेसनेही कामं निभावली आहेत. आणि जे शेवटी मिळालं नाही त्याची यादी लिहून ज्यांचा डेटा आहे त्यांना द्या; तीन महिन्यांनी त्यांना स्वतः कळण्यापेक्षा ते बरं.

७. पुढच्या वेळेसाठी बॅकअप

रेड (अनेक डिस्क जोडून केलेली एक डिस्क) म्हणजे बॅकअप नव्हे. रेप्लिकाही नाही: डिस्क सडली तर ती वाचवते, पण ‘ड्रॉप टेबल’ मात्र निष्ठेने लगेच तिकडेही चालवते. त्याच डिस्कवरचा स्नॅपशॉटही नाही. ३-२-१ हा नियम जुना असला तरी पुरेसा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक वेगळ्या ठिकाणी. क्लाउडवर ‘वेगळं ठिकाण’ म्हणजे वेगळं अकाउंटही. ज्या पासवर्डने सर्व्हर पुसता येतो त्याच पासवर्डने बॅकअपही पुसता येत असेल तर ते एकच ठिकाण झालं.

बॅकअप किती जुने ठेवायचे? महिनोन् महिने कोणी न वाचलेलं पान सडलं तर कळायलाही महिने लागतात, आणि फाइल जशाच्या तशा उचलणाऱ्या बॅकअपमध्ये तेच सडकं पान जात राहतं. म्हणून रोजचे थोडे, पण महिन्याचे काही जुनेही ठेवा. डंप आणि फाइल-पातळीचा बॅकअप, दोन्ही घेतले तर उत्तम: डंप घेताना प्रत्येक ओळ वाचली जाते, त्यामुळे टेबलातली खराबी लवकर कळते, इंडेक्सची मात्र कळत नाही. पोस्टग्रेसमध्ये चेकसम (पान बिघडलं का ते ओळखायचा आकडा) चालू आहेत का ते आजच बघा. आवृत्ती १८ पासून नवा क्लस्टर बनवताना ते आपोआप चालू होतात. १२ ते १७ मध्ये सर्व्हर बंद करून पीजी_चेकसम्सने चालू करता येतात. मायएसक्यूएलचा डंप घेताना ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ विसरू नका. आणि पीजी_डंपमध्ये युजर आणि रोल येत नाहीत, ते पीजी_डंपऑलच्या ‘ग्लोबल्स’ पर्यायाने वेगळे घ्यावे लागतात. हे बहुतेकांना रिस्टोअर करतानाच समजतं.

बॅकअपची स्क्रिप्ट लिहिताना एक सापळा: डंप पाइपने जीझिपला (फाइल दाबून लहान करणाऱ्या टूलला) जोडला की शेलला शेवटच्या कमांडचा, म्हणजे जीझिपचा, निकाल दिसतो. डंप दुसऱ्याच मिनिटाला मेला तरी स्क्रिप्ट ‘यशस्वी’ म्हणते आणि एक छोटीशी, नीट दाबलेली, निरुपयोगी फाइल तयार होते. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ लावा आणि फाइलचा आकार कालच्यापेक्षा फारच कमी असेल तर इशारा येऊ द्या.

इशारा पोचतो का हेही तपासा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबमध्ये चुकून मुख्य डेटाबेसचं डेटा फोल्डर पुसलं गेलं. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या. पीजी_डंप चालायचा, पण डेटाबेस ९.६ आणि डंपचं टूल ९.२, म्हणून तो रोज अपयशी ठरत होता. अपयशाचे ईमेल पाठवले जायचे, पण पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी डीमार्क व्यवस्था त्या ईमेलना लावलेली नसल्याने मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी कामी आला तो सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. हे सगळं लपवता आलं असतं, पण तसं न करता त्यांनी ते जाहीरपणे मांडलं, म्हणून आज ते शिकवता येतं.

तेव्हा महिन्यातून एकदा, वेगळ्या मशीनवर, ज्याने बॅकअपची यंत्रणा बसवली नाही अशा माणसाकडून रिस्टोअर करून घ्या. एन्क्रिप्शनची किल्ली त्याला सापडते का, ती सर्व्हरवरच तर नाही ना, किती वेळ लागला, ओळी किती आल्या, शेवटची नोंद किती वाजताची होती, हे प्रत्येक वेळी लिहा. वेळ वाढत चालला असेल तर डंपऐवजी फाइल-पातळीच्या बॅकअपकडे वळायची वेळ आली आहे. या नोंदी आणि रिस्टोअरच्या पायऱ्या त्याच सर्व्हरवरच्या विकीत ठेवू नका.